शेऱ्याचा रकाना

प्रति,
माननीय मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



मी मालेगावची. वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकायची आम्हाला सवय झाली आहे, कारण नुसतं मालेगाव म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात नाशिक जिल्हा येतो. जुनी माणसं म्हणूनच मालेगाव जहांगीर म्हणतात. आमच्या तालुक्यातलं अंतरिक्ष पार्श्वनाथांचं शिरपूर हे शिरपूर जैन, धुळ्याकडचं शिरपूर वेगळं. आमच्या जिल्ह्यातलं कारंजा हे कारंजा लाड, वर्ध्याकडचं कारंजा घाडगे. एका नावाची दोन गावं असली तर घोटाळा कसा टाळायचा, हे लोकांनी संगणक येण्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं.

काही वर्षांपूर्वी एका खात्याचं कामाचं नवं ॲप आलं. त्यातल्या यादीत ही मागची नावं कापलेली होती. यादी इंग्रजीत, मालेगाव दोनदा, जिल्हा कुठेच लिहिलेला नाही. आमच्याकडच्या एका ताईंनी वरचं मालेगाव निवडलं आणि तीन दिवस इमानाने भरलेली माहिती दुसऱ्याच जिल्ह्यात जाऊन पडली. चौथ्या दिवशी त्यांच्या हातात नोटीस आली, काम शून्य म्हणून. त्या माझ्या दुकानात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी आपलंच गाव निवडलं होतं वो." यादी पुढे दुरुस्त झाली. कोणी केली, कोणाच्या सांगण्यावरून केली, हे आम्हाला कधी कळलं नाही. नोटीस मात्र त्यांच्या फाइलला अजून लागलेली आहे.

ॲपचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की बाई ओळखू येतील. नोटीस कोणाच्या हातून निघाली तेही मला महत्त्वाचं वाटत नाही. त्या ताईंना तीन दिवसांत एकदाही "यादीत दोन मालेगाव आहेत, आमचं कोणतं?" असं विचारायला जागा सापडली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या जागेसाठी हे पत्र आहे.

माझं तहसीलच्या रस्त्यावर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर. दिवसभर दाखले, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज चालतात. संध्याकाळी पाचनंतर येणारी माणसं बदलतात. अंगणवाडी सेविका येतात, आशा ताई येतात, ग्रामरोजगार सेवक येतात, शाळा सुटल्यावर गुरुजी येतात. त्यांना माझ्याकडून कागद नको असतो. कोणाला नेट हवं असतं, कोणाला चार्जर, आणि बहुतेकांना "हे असं लाल का दाखवतंय?" याचं उत्तर हवं असतं. माझ्याकडे उत्तर दर वेळी नसतं. तेव्हा मी चहा सांगते आणि त्या जे बोलतात ते लिहून ठेवते.

२०२१ पासून गल्ल्याखाली एक लाँगबुक आहे. तारीख, खातं, आणि माणूस जे बोललं ते त्याच्याच शब्दांत. नाव लिहीत नाही. त्यातलं थोडं आपल्याला वाचून दाखवते.

"फोटो काढला, हिरवी खूण आली, घरी गेलो तं नोंदच नाई."

"सर्व्हर दिवसा झोपते नं रातच्या अकराले उठते. मंग मीबी अकराले उठतो."

"नवीन अपडेट आलं नं जुनं भरलेलं सारं गेलं. सायबाले सांगतलं तं साहेब म्हणे, दुसऱ्या कोणाची तक्रार नाई, तुमचीच कशी?"

"लेकराचं वजन भरलं. त्यानं थे घेतलंच नाई, म्हणे एवढं कमी वजन नसते. पण आहे नं! मी सोता काट्यावर घेतलं!"

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी दोनदा लिहिलं. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. आरोग्य, पोषण, शिक्षण यांचे आकडे दिल्लीपर्यंत जातात आणि त्यावर जिल्ह्याचा क्रमांक लागतो. ते आकडे ज्या काट्यावर घेतले जातात, त्या काट्याजवळ उभी असलेली बाई सांगते आहे की खरा आकडा आत जात नाही. ही नुसती तक्रार म्हणून बाजूला ठेवण्यासारखी गोष्ट नाही. जिल्ह्याबद्दलची सगळ्यात पहिली बातमी तीच आहे, आणि ती माझ्या लाँगबुकात पडून आहे.

माझ्या सासूबाई अंगणवाडी सेविका होत्या. त्यांच्या काळी ११ नोंदवह्या असत. कुटुंब सर्वेक्षणाची वही, पूरक आहाराची, लसीकरणाची, वजनाची, अशा. रात्री जेवणं झाली की त्या भिंतीला टेकून वह्या भरत. ते काम सोपं नव्हतं आणि मी त्या दिवसांची आठवण काढून रडणारी नाही. पुष्कळदा एकच नाव पाच ठिकाणी लिहावं लागे, आणि मोबाईलने हे ओझं कमी व्हायला हवं होतं. पण त्या प्रत्येक वहीत उजव्या टोकाला एक अरुंद रकाना असे. शेरा. सासूबाई त्यात लिहीत: आई कामासाठी पुण्याला, मूल आजीजवळ. किंवा: नाल्याला पूर, आहार दुसऱ्या दिवशी दिला. किंवा: काटा बिघडला, कळवले आहे. पर्यवेक्षिका आल्या की आधी शेरे वाचत आणि मग सही करत. सगळा महिना त्या दोन बोटांच्या जागेत कळत असे.

मोबाईलमध्ये सगळे रकाने आले, शेऱ्याचा तेवढा आला नाही. आता हो किंवा नाही, यादीतलं एक निवडा, फोटो काढा, पुढे जा. आहार वेळेवर का मिळाला नाही ते सांगायला जागा नाही. आणि ॲपच चुकतं आहे हे ॲपमध्ये सांगायला तर मुळीच नाही.

आमच्या बाजार समितीच्या आवारात एका अडत दुकानाचे मुनीम आहेत. त्यांच्याकडे हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यात आधी भाव आणि मग वजन विचारत असे. आमच्याकडे सोयाबीनचा सौदा आधी होत असला तरी पट्टी काट्यावरून बनते; आधी वजन, मग भाव, मग हमाली, तोलाई वजा. मुनीमांनी विक्रेत्याला फोन केला. आठवड्याच्या आत त्याचा माणूस आला आणि रकाने उलटे करून गेला. का आला? कारण मुनीम म्हणाले असते तर शेटजींनी दुसरं सॉफ्टवेअर घेतलं असतं. तिथे वापरणारा आणि पैसे देणारा एकाच गादीवर बसतात. मताला वजन आहे, कारण मतामागे पाठ फिरवण्याची मोकळीक आहे.

अंगणवाडी सेविकेला ती मोकळीक नाही. ॲप निवडतं एक कार्यालय, बनवते दुसरी संस्था, आणि वापरते ती. आवडलं नाही म्हणून ती दुसरं ॲप घेऊ शकत नाही, वापरलं नाही तर मानधन अडकतं. म्हणूनच तिचं मत बाजारातल्या गिऱ्हाइकाच्या मतापेक्षा जास्त काळजीने विचारायला हवं, आणि आज ते सगळ्यात कमी विचारलं जातं. प्ले स्टोअरवर तारे देता येतात, तिथे लोक मनातलं लिहितातही. पण बाजारात तारे कमी झाले की विक्री कमी होते. सक्तीच्या ॲपला एक तारा मिळाला तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच लोकांना ते उघडावं लागतं.

हे मी माझ्या दुकानापुरतं बोलत नाही. १ मार्च २०२१ ला केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप सुरू केलं. महाराष्ट्रात १ लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. सेविकांना त्याआधी दिलेले फोन दोन जीबी रॅमचे, वॉरंटी संपलेले, आणि ॲप इंग्रजीत. त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं, निवेदनं दिली. ते ऐकलं जात नाही असं दिसल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोनच शासनाला परत करायला सुरुवात केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पुढे ॲप मराठीत आलं, नव्या फोनांचा निर्णयही झाला. पण विचार करा, माननीय महोदय. "आम्हाला मराठीत द्या" एवढं मत पोचवायला फोन परत करावे लागले आणि वकील लावावा लागला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ज्या राज्याचा कारभार मराठीत चालावा असं तेव्हाच ठरलं, तिथे वाडी-वस्तीवरच्या बाईला आपल्या कामाची भाषा मागायला मोर्चा काढावा लागावा, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आहारवाटपासाठी चेहऱ्याची ओळख आली आहे. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याच्या आईचा चेहरा फोनने ओळखायचा. हेतू मला समजतो. आहार ज्याचा त्याला मिळावा. पण त्यासाठी नोंदणी करताना ओटीपी लागतो, आणि आमच्याकडे पुष्कळ घरांत फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा रानात किंवा परगावी. सेविका त्याला फोन लावते, तो म्हणतो, अनोळखी माणसाला आकडा सांगू नका असं बँकवाले सांगतात. तो काही चुकीचं बोलत नाही. हे सगळं नियम लिहिण्याआधी दहा सेविकांना एका खोलीत बसवून विचारलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं. त्यांना सगळं माहीत असतं. कोणाची आई कोणत्या महिन्यात कापूस वेचायला जाते, कोणाच्या आधारावर लग्नाआधीचं नाव आहे, कोणत्या घरात फोन सासऱ्याजवळ असतो.

हे पत्र मी एखाद्या खात्याच्या सचिवांना न लिहिता आपल्याला लिहिते, त्याचं कारण माझ्या दुकानातला बाक आहे. त्यावर महसूल, ग्रामविकास, महिला व बालविकास, शिक्षण, आरोग्य सगळे शेजारी शेजारी बसतात. खाती मंत्रालयात वेगवेगळ्या मजल्यांवर असतील. आमच्या गावात ती एकाच बाकावर असतात आणि एकच गोष्ट बोलतात. एवढ्या सगळ्या खात्यांना एकाच वेळी सांगू शकेल असं पद आपलं आहे.

मत ऐकलं की काय होतं, याचं चांगलं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला महसूल विभागाने ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचा. त्या पहिल्या खरिपात माझ्या दुकानात नुसता गोंधळ होता. चूक झाली तर दुरुस्त करता येत नव्हती. सोयाबीनच्या तासांमध्ये तूर पेरलेली, ती कशी लिहायची ते कळत नव्हतं. आपण आपल्याच गटात उभे आहोत की शेजाऱ्याच्या, तेही समजत नव्हतं. शेतकरी बोलले, तलाठी बोलले, वर्तमानपत्रांत आलं. आणि पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२२ ला, दुसरी आवृत्ती आली तेव्हा यातलं बरंच बदललेलं होतं. नोंद केल्यापासून ४८ तासांत दुरुस्तीची सोय आली. मुख्य पिकाबरोबर आणखी पिकं लिहायची सोय आली. गटाच्या मध्यापासून आपण किती दूर आहोत ते दिसू लागलं. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंघोषणा म्हणून धरायची आणि तलाठ्याने १० टक्केच तपासायच्या, असं झालं. शिवाय गावातल्या इतरांनी काय पेरलं तेही ॲपमध्ये पाहता येऊ लागलं.

अडचणी आजही आहेत. पावसाळी ढग आले की ठिकाण सापडत नाही, शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम आले की चाक फिरत राहतं. पण त्या ऑगस्टमध्ये मेडशीकडचे एक म्हातारे बाबा दुकानात आले होते. आदल्या वर्षी त्यांची तूर नोंदली गेली नव्हती. त्यांच्या नातवाने नवी आवृत्ती उघडून दाखवली, दोन्ही पिकं लिहिली, आणि बाबा म्हणाले, "म्हंजे आयकलं म्हणा आपलं कोनीतरी." त्यांना कोणत्या समितीने, कोणत्या बैठकीत हे बदललं ते माहीत नव्हतं. मलाही नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पिकाच्या नोंदीपेक्षा मोठं होतं, आणि त्या दिवसापासून ते बाबा इतरांना ॲप शिकवू लागले. ज्याचं ऐकलं जातं तो ते अवजार आपलं मानतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

याच्या उलट रोजगार हमीच्या हजेरीचं झालं. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट, वि. स. पागे यांनी मांडलेली, १९७७ च्या कायद्याने पक्की झालेली. तेव्हा कामावर हजेरीपट असे, मुकादम नावं पुकारत असे. मे २०२१ मध्ये केंद्राने हजेरीचं ॲप आणलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते वैयक्तिक लाभाची कामं सोडून सगळ्या कामांवर सक्तीचं केलं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो चढवायचा. नेटवर्क नाही तिथे काय करायचं, दुपारचा फोटो गेला नाही तर सकाळी घाम गाळलेल्याची मजुरी कोण देणार, हे लोक पहिल्या महिन्यापासून विचारत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशभरातून आलेले मजूर दिल्लीत जंतरमंतरवर १०० दिवसांच्या धरण्याला बसले. ८ जुलै २०२५ ला केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने स्वतःच पत्र काढून सांगितलं की फोटोचे फोटो चढवले जात आहेत, भलतेच फोटो चढवले जात आहेत, एकच माणूस अनेक हजेरीपटांत दिसतो आहे. आणि उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर शंभर टक्के फोटो माणसांनी डोळ्यांनी तपासावेत असं ठरवलं. ज्याला फसवायचं होतं त्याला ॲप अडवू शकलं नाही आणि ज्याने खड्डा खणला त्याची हजेरी मात्र नेटवर्कवर राहिली. ही गोष्ट लोक अडीच वर्षं आधी सांगत होते. सांगणाऱ्यांना कामचुकार ठरवण्याआधी एकदा त्यांचं म्हणणं तपासून पाहिलं असतं तर?

माझ्या वहीतलं ते वाक्य आपल्याला आठवत असेल: दुसऱ्या कोणाची तक्रार नाही, तुमचीच कशी? मी हे वाक्य जेव्हा जेव्हा ऐकते तेव्हा मला ब्रिटनमधल्या पोस्टमास्तरांची आठवण येते. तिथे १९९९ पासून गावोगावच्या छोट्या पोस्टांत होरायझन नावाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आलं, फुजित्सू कंपनीचं. संध्याकाळी हिशोब जुळेना. गल्ल्यात पैसे बरोबर, पडद्यावर तूट. पोस्टमास्तर मदतीच्या क्रमांकावर फोन करत आणि त्यांना सांगितलं जाई की अशी अडचण फक्त तुमच्याकडेच आहे. प्रत्येकाला वाटलं आपणच एकटे. कोणी घर गहाण टाकून तूट भरली. संगणक बरोबरच चालतो असं तिथली न्यायालयं गृहीत धरून चालत, त्यामुळे तो चुकला हे दाखवायचं ओझं त्या बिचाऱ्यांवर. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांवर चोरीचे, खोट्या हिशोबाचे गुन्हे शाबीत झाले. कित्येक तुरुंगात गेले. काहींनी जीव दिला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सॉफ्टवेअरमध्ये दोष होते हे मान्य केलं, आणि सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा यायला मे २०२४ उजाडलं. वीस वर्षं शेकडो माणसं एकच मत सांगत होती. सुरुवातीची कित्येक वर्षं ती एकमेकांना माहीत नव्हती, ही मोठी अडचण होती.

आमच्या ताईंवर कोणी खटला भरलेला नाही. पण त्या एकट्या एकट्या आहेत हे तसंच आहे. मेडशीच्या बाईची अडचण शिरपूरच्या बाईला माहीत नसते. दोघींना वाटतं आपल्याच हाताला येत नाही. मी दोघींना एका बाकावर बसवते तेव्हा त्यांच्या लक्षात येतं की चूक त्यांची नाही, आणि त्या क्षणी त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरतं. हे काम एका झेरॉक्सच्या दुकानाने का करावं?

दुसरीकडे, नॉर्वे देशात क्रिस्टेन न्यूगार्ड नावाचे संगणकशास्त्रज्ञ होते, पुढे संगणकक्षेत्रातला सर्वांत मोठा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले. १९७० च्या सुमारास ते लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसले. कारखान्यात संगणक येणार तर तो कसा यावा, हे कामगारांनीच अभ्यासून सांगायचं, असं ठरलं. त्यातून कामगारांना नव्या संगणक यंत्रणेची माहिती आधी मिळण्याचा आणि त्यात बोलण्याचा हक्क करारात लिहिला गेला. पुढे १९८१ पासून स्वीडन आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी छापखान्यातल्या कामगारांबरोबर नवी साधनं घडवली. यंत्र अजून बनलंच नव्हतं, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली. हे खोकं म्हणजे प्रिंटर, ही फळी म्हणजे पडदा. आता तुम्ही रोजचं पान लावून दाखवा, कुठे अडतं ते सांगा. पुठ्ठ्यात चूक सापडली तर ती दुरुस्त करायला कात्री पुरते. तीच चूक एका राज्याच्या लाख फोनांत जाऊन बसली की काय होतं ते आपण पाहतोच.

पुठ्ठा आमच्याकडेही मिळतो, महोदय. माझ्या दुकानातच कागदाच्या रिमांची खोकी पडलेली आहेत.

२०२५ साली शासनाने १५० दिवसांचा कार्यक्रम राबवला, त्यात ई-गव्हर्नन्स सुधारणांचा मोठा भाग होता. कार्यालयांची तपासणी झाली, गुण दिले गेले. त्या गुणपत्रिकेत एक रकाना वाढवावा अशी माझी विनंती आहे: हे साधन जे रोज वापरतात ते काय म्हणतात, आणि त्यावर खात्याने काय केलं. म्हणजे खात्याला गुण मिळवण्यासाठी का होईना, विचारावं लागेल.

आणि विचारायचं तर नीट विचारावं. जिल्ह्याच्या ठिकाणी वातानुकूलित सभागृहात प्रशिक्षणाच्या शेवटच्या दहा मिनिटांत "काही शंका?" असं विचारलं की कोणी हात वर करत नाही. समोर ज्यांच्या सहीने मानधन निघतं ते बसलेले असतात. कोणतंही कामाचं ॲप सक्तीचं करण्याआधी आमच्यासारख्या एका तालुक्यात ते पूर्ण एक महिना, शक्य तर पावसाळ्यातला महिना, खऱ्या माणसांच्या खऱ्या फोनांवर चालवून पाहावं. त्या महिन्यात कोणालाही नोटीस नाही. जे वेळ देतील त्यांना त्या दिवसांचं मानधन द्यावं, कारण चूक शोधणं हेही कामच आहे. शहरातल्या कंपन्यांत त्यासाठी पगारी माणसं असतात. आलेली मतं नावं गाळून मराठीत जाहीर करावीत आणि प्रत्येकापुढे लिहावं: बदललं, बदलणार, किंवा बदलता येत नाही, कारण अमुक. नाही म्हटलेलं चालेल. आमच्याकडची माणसं नकार समजून घेतात. न ऐकणं त्यांना सहन होत नाही.

केंद्राची जी ॲप आहेत ती आपल्या हातात नाहीत, असं उत्तर येऊ शकतं. पण राबवणारं राज्य आहे, माणसं राज्याची आहेत. राज्याने दहा तालुक्यांचे शेरे गोळा करून दिल्लीला पाठवले तर ते एका सेविकेच्या निवेदनासारखे बाजूला पडणार नाहीत. आणि ज्या दिवशी सर्व्हर बंद असेल त्या दिवशीची कागदावर केलेली, सही-अंगठ्याची नोंद ग्राह्य धरावी, हे तर आपण एका शासन निर्णयाने करू शकता. यंत्रणा बंद पडली याची शिक्षा चालू असलेल्या माणसाला होऊ नये.

सगळ्यात आधी मात्र शेऱ्याचा रकाना. प्रत्येक ॲपमध्ये, प्रत्येक पानावर, मराठीत, बोलून किंवा लिहून भरता येईल असा. त्यात लिहिलेलं वाचायला नेमलेलं एक माणूस, आणि त्या माणसाचं उत्तर. सासूबाईंच्या वहीत तो दोन बोटं रुंद होता. तेवढा पुरेल.

माझी लाँगबुक आता भरत आली आहे. तिची झेरॉक्स काढून पाठवावी असं मनात होतं, पण अक्षरावरून, गावावरून कोण बोललं ते ओळखू येईल अशी भीती वाटते आणि त्या सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं आहे. म्हणून वही इथेच ठेवते. आपल्या कार्यालयातून कोणी येणार असतील तर समृद्धी महामार्गावर आमच्या मालेगावला उतरता येतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यावं, संध्याकाळी पाचनंतर. तेव्हा सगळ्या ताया दुकानात असतात. मी बाक रिकामा करून ठेवीन, त्या सांगतील.

आपली,
एक दुकानदार
मालेगाव जहांगीर, जि. वाशिम